सभेला कुत्र्यांना मज्जाव

दारावरची पाटी मीच टाइप केली होती,
म्हणून सगळी कुत्री बाहेर:
पिकअपच्या काचांना नाकं लावून,
सायकलींच्या कठड्याला बांधलेली,
एक ग्रंथालयाच्या पुस्तकपेटीशी,
उणे अकरात, अंगात कोणाचा तरी उसवलेला स्वेटर.

मी या गावाची कारकून. सोळा वर्षं इतिवृत्त लिहितेय.
आयोवातलं आमचं गाव, सभा म्हणजे गटारं, बर्फ उपसणं,
धान्याच्या कोठारावरचा भोंगा किती वाजता वाजवायचा.
त्या रात्री चर्चच्या तळघरातून
घडीच्या खुर्च्या आणाव्या लागल्या.

मसुदाही माझ्याच हातचा. कलम चार, उपकलम ब:
रुंद डोकं, आखूड केस, भक्कम जबडा,
अथवा वरील वर्णनाशी मिळतंजुळतं दिसणारं कोणतंही जनावर.
साठ दिवसांत गावाबाहेर. नाहीतर
त्यापुढचं वाक्य वकिलाने पाठवलं होतं,
ते मी अर्थ न लावता उतरवून काढलं.

प्रत्येकाला तीन मिनिटं. घड्याळ माझ्याजवळ.
लुमीर कोपेकी, वय एक्याऐंशी, टोपी चुरगाळत म्हणाला,
हेलन गेल्यापासून रात्री घरात
दुसरा श्वास तेवढा तिचा असतो.
ती कोण, हे कुणी विचारलं नाही.
दवाखान्यातल्या टॅम्सिनने शिंप्याची टेप आणली होती.
आमच्या बोकोचं डोकं साडेसात इंच.
किती इंचांपासून रुंद म्हणायचं?
लोक हसले. हातोडा आपटला गेला.
मी लिहिलं: मोजमापाबाबत विचारणा झाली.
सुक्याबरोबर ओलंही जळतं,
हे लिहायला इतिवृत्तात रकाना नसतो.

मग व्हर्जिल स्टाउफर उठला.
त्याच्या शेजारी जोसी, लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
मला कायद्यातलं काही कळत नाही, तो म्हणाला.
ती आता पत्रपेटीपर्यंतही एकटी जात नाही.
आणि बसला.
दोन मिनिटं चाळीस सेकंद उरली होती,
ती कुणालाच नको होती.
भुंकणारं चावत नाही म्हणतात.
ते भुंकलंच नव्हतं.

शेवटी व्हर्ला ओक्विस्ट, शाळेची बस चालवणारी.
सहा आठवडे दारोदार फिरून तीनशे बारा सह्या.
फाइल उघडली, पहिल्या रांगेकडे पाहिलं, मिटली.
म्हणाली, ते कुत्रं चार हिवाळे साखळीला होतं.
मी दिवसातून दोनदा तिथून जायचे.
साखळी पोचेल तितकं गवत गेलेलं,
कंपासने काढल्यासारखं गोल.
तुमच्या मसुद्यात डोकं आहे, जबडा आहे,
साखळी नाही.
या तीनशे बारा सह्यांच्या वरही नाही.
तो मजकूर मीच लिहिला होता.
घड्याळ संपलं. मी घंटा वाजवली नाही.

कारण त्याच कुत्र्याबद्दल
दोन वर्षांपूर्वी एक चिठ्ठी आली होती,
पेन्सिलीने लिहिलेली, दोनच ओळी, सही नाही:
पाण्याचं भांडं गोठलंय. कोणीतरी बघा.
मी तारखेचा शिक्का मारून
ती 'इतर' नावाच्या फायलीत ठेवली.
नीट ठेवली, अगदी टोकाला टोक लावून.

मसुदा समितीकडे परत. चार विरुद्ध एक.
बाहेर लोक गाठी सोडत होते, बोटं बधिर,
कुणी जिंकल्यासारखं बोलत नव्हतं.
जोसी पायरीवर थांबली.
कोपेकीने दोरी हाताला दोन वेढे दिले,
कुत्रीला भिंतीकडे वळवलं, स्वतः मध्ये उभा राहिला.
ती बापाच्या पलीकडच्या बाजूने गेली.
त्याने तोवर दोरी सैल केली नाही.

यातलं काही मी लिहिलेलं नाही.
इतिवृत्त नेहमीसारखं दीड पानाचं.
फक्त सकाळी लवकर येऊन
ती फाइल काढली, चिठ्ठीची प्रत केली
आणि मसुद्याला टाचली.
परिशिष्ट अ.
शिक्क्यावरची तारीख स्वच्छ वाचता येते.